केशराचे बेणे

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात एका शाळेतल्या बाईंचा निरोप आला. कोजागिरीच्या दुधात घालायला शाळेच्या बागेतलेच केशर काढायचे, असे सातवीच्या मुलांनी ठरवले होते. वाफा तयार होता, शेणखत घालून झाले होते, ‘केशर’ अशी पाटीसुद्धा रंगवून झाली होती. प्रश्न एकच उरला होता : केशराचे बी कुठे मिळेल?

आम्ही उत्तर लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. केशराचे बी कुठेच मिळत नाही. दुकानात येत नाही म्हणून नव्हे, तर या झाडाला बी धरतच नाही म्हणून. आज काश्मीर, इराण, स्पेन, ग्रीस, जिथे जिथे केशर आहे, तिथे ते कुणीतरी कंद हातात घेऊन पोचवलेले आहे. वारा, पाणी, पाखरे यांचा त्यात काहीही वाटा नाही. हे लक्षात आल्यावर आम्ही दोन उद्योग केले. केशराचा इतिहास नव्याने वाचायला घेतला, आणि काश्मीरहून सात कंद मागवून पुण्यात कुंड्यांत लावले. त्या दोन्हींची ही हकिगत.

केशराचा कंद दिसायला लहान कांद्यासारखा असतो, वरून तपकिरी, जाळीदार सालपटे. पण चिरून पाहिला तर कांद्यासारखे पापुद्रे निघत नाहीत. आत अळकुडीसारखा भरीव, पिठूळ गर असतो. वनस्पतिशास्त्रात याला दृढकंद म्हणतात. सप्टेंबरात आम्ही ते वाळूमिश्रित मातीत बोटभर खोल लावले आणि जवळजवळ विसरलो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी कुंडीतल्या उघड्या मातीतून जांभळे फूल वर आलेले दिसले. पान अजून धड बाहेरही आले नव्हते. आठवडाभरात सातांपैकी तीन कंदांना एकेक फूल आले.

फूल हातात आले की वर्गात दाखवण्यासारखे बरेच काही असते. सहा जांभळ्या पाकळ्या, आत तीन पिवळे पुंकेसर आणि त्यांच्यामधून बाहेर लोंबणारे तीन लालभडक धागे. आपण खातो ते हे लाल धागे. ‘केशर’ या नावामुळे ते पुंकेसर असावेत असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात ती कुक्षी आहे, म्हणजे फुलाचा स्त्री-भाग, तीन फाट्यांचा. तिचा लांबलचक कुक्षीवृंत खाली मातीत उतरतो, आणि अंडाशय तर जमिनीखाली कंदाजवळच असतो. एका फुलातले तीन धागे वाळल्यावर जेमतेम सात मिलिग्रॅम भरतात. एका किलोला किती फुले लागतील हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. उत्तर दीड लाखाच्या आसपास येते. आमची तीन फुले मिळून एकवीस मिलिग्रॅम. तोवर कोजागिरी होऊन महिना उलटला होता.

कुक्षी आहे, अंडाशय आहे, परागही आहेत. मग बी का नाही? बहुतेक प्राण्यांत आणि वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि त्या जोड्या समसमान वाटल्या जातात. केशरात मात्र आठ-आठ गुणसूत्रांचे तीन संच आहेत, एकूण चोवीस. तिघांची जोडी लावायची कशी? वाटणी विस्कटते, पराग बहुतेक निकामी निघतात आणि बी धरत नाही. अशा वनस्पतीला त्रिगुणित म्हणतात. आपली खायची केळीही बहुतेक अशीच, म्हणून जळगावचा शेतकरी केळीचे बी पेरत नाही, मुनवे लावतो. केशराच्या बाबतीत हे काम कंद करतो. फूल येऊन गेले की हिवाळाभर पाने अन्न तयार करतात, जुन्या कंदाच्या डोक्यावर दोन-चार नवे कंद धरतात, आणि जुना सुकून चपटी चकती होऊन खाली राहतो. म्हणजे कोणताच कंद वर्षाहून फारसा जास्त जगत नाही, पण झाड तेच राहते. कुणीतरी ते खणायचे, वेगळे करायचे आणि पुन्हा लावायचे, एवढ्यावर सगळे चालते. आपल्याकडे शेतकरी यासाठी ‘बेणे’ हा नेमका शब्द वापरतात : उसाचे बेणे, आल्याचे बेणे, हळदीचे बेणे. केशराचा इतिहास हा बेण्याचा इतिहास आहे, असे म्हणून आम्ही तो वाचू लागलो.

सुरुवात ग्रीसपासून करावी लागते. २०१९ मध्ये दोन संशोधक-गटांनी गुणसूत्रे आणि डीएनए तपासून असे दाखवले की, केशराचे तिन्ही संच ‘क्रोकस कार्टराइटियानस’ या एकाच रानटी जातीतून आले आहेत, आणि तिचे केशराशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे ताटवे अथेन्सच्या आसपास, अ‍ॅटिका प्रदेशात आहेत. ही रानटी जात दोन संचांची आहे, तिला व्यवस्थित बी धरते. तिच्या लाल कुक्षी मात्र आखूड असतात. तिच्यातच केव्हातरी तीन संचांचे, लांब कुक्षीचे रोप निपजले. ते एकटे सोडले असते तर फारसे पसरले नसते. कुणाच्या तरी नजरेत ते भरले आणि त्याचे कंद जपले गेले.

त्याच मुलखात भिंतीवरची चित्रेही सापडली आहेत. एजियन समुद्रातल्या थेरा बेटावरचे अक्रोतिरी हे गाव इ.स.पू. १६०० च्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९६७ पासून उत्खनन झाले. एका मोठ्या घराच्या भिंतीवर मुली खडकाळ उतारावरून केशराची फुले खुडताना रंगवल्या आहेत. चिमटीत धरून अख्खे फूल खुडायचे आणि टोपलीत टाकायचे, ही पद्धत आजही पांपोरला बदललेली नाही. चित्रात वाफे, सरी असे काही नाही. फुले खडकांतून उगवलेली आहेत. त्यामुळे ती रानटी जातच असावी असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.

क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या राजवाड्यातही असे एक चित्र तुकड्यातुकड्यांत मिळाले होते. उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स यांनी ते जुळवून केशर वेचणारा निळा मुलगा उभा केला. पुढे इतरांनी तुकडे पुन्हा तपासले तेव्हा लक्षात आले की तो मुलगा नसून माकड आहे, आणि त्याला शेपूटही आहे. थेराच्या भिंतींवर निळी माकडे निघाल्यावर तर शंकाच उरली नाही. केशर वेचायचे म्हणजे माणूसच असणार, या समजुतीने शेपटीकडे दुर्लक्ष झाले. निरीक्षणाचा पाठ शिकवताना हे उदाहरण आम्ही आवर्जून सांगतो.

एजियन समुद्राकाठचे हे बेणे काश्मीरपर्यंत कसे आले? इथे पुराव्याची जागा दंतकथा घेतात, पण त्या टाकाऊ नाहीत. पांपोरला सांगतात की ख्वाजा मसूद वली आणि शेख शरीफुद्दीन वली हे दोन सूफी संत या गावी आले, आजारी पडले, इथल्या मुखियाने त्यांना बरे केले आणि त्यांनी कृतज्ञतेने केशराचा कंद दिला. ही गोष्ट सहसा बाराव्या शतकातली म्हणून सांगतात. दुसरी कथा तक्षक नागाची. अबुल फझलने अकबराच्या काळात ‘आईन-इ-अकबरी’त ती नोंदवली आहे. पांपोरजवळच्या जेवन गावी तक्षकाचे कुंड आहे आणि केशराचे बेणे त्यातूनच आले, अशी तिथली समजूत होती. लागवडीच्या वेळी शेतकरी कुंडात गाईचे दूध ओतत. ते पाण्यात बुडाले तर पीक चांगले, तरंगले तर वाईट.

आता तिसरी कथा पाहा, थेट इंग्लंडची. एसेक्स परगण्यातल्या वॉल्डन गावात मध्ययुगाच्या अखेरीस केशराचा एवढा व्यापार वाढला की गावाचे नावच ‘सॅफ्रन वॉल्डन’ पडले. तिथे केशर आले कसे, हे रिचर्ड हॅक्लूट या सोळाव्या शतकातल्या लेखकाने गावकऱ्यांच्या तोंडून ऐकून लिहिले आहे. एका यात्रेकरूने परदेशात केशराचा कंद चोरला, मुद्दाम पोकळ केलेल्या काठीत लपवला आणि जिवावर उदार होऊन घरी आणला. पकडला जाता तर त्या देशाच्या कायद्याने त्याला देहदंड होता.

संत, नाग, यात्रेकरू. तिन्ही कथांत केशर बाहेरून येते, कंदाच्या किंवा बेण्याच्या रूपाने येते आणि देणारा-आणणारा कुणीतरी असतो. गव्हाबद्दल किंवा मोहरीबद्दल अशा कथा सहसा ऐकू येत नाहीत. ते दाणे घोड्याच्या खोगिरातूनही सांडतात आणि उगवतात. केशर कुणीतरी मुद्दाम आणल्याशिवाय येत नाही, हे कथा रचणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आम्हाला या कथांचे मोल वाटते ते एवढ्यासाठी. तारखांसाठी मात्र त्यांच्यावर विसंबता येत नाही. सूफी संतांची कथा बाराव्या शतकातली धरली, तरी त्याआधीचा बिल्हण हा अकराव्या शतकातला कवी पांपोरजवळच्या खोनमुष या गावचा होता, आणि आपल्या गावाचे वर्णन करताना त्याने केशराचा अभिमानाने उल्लेख केला आहे. पुढे हा बिल्हण दक्षिणेत आला आणि कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचा, सहाव्या विक्रमादित्याचा, राजकवी झाला. आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग तेव्हा त्याच राज्यात होता. इ.स. ११४८-४९ मध्ये लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’त कल्हणही काश्मीरच्या दुर्मीळ गोष्टींत केशर मोजतो. ‘अमरकोश’ तर या दोघांच्या कितीतरी आधीचा. त्यात केशराला ‘काश्मीरजन्म’ असे नाव आहे आणि ‘बाह्लीक’ असेही. बाह्लीक म्हणजे बल्ख, अफगाणिस्तानातले. केशर कोणत्या वाटेने आले असावे याची खूण त्या एका शब्दात आहे.

‘अमरकोशा’तला मुख्य शब्द मात्र ‘कुंकुम’. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. मराठीत आपण कुंकू म्हणतो ते काय असते? हळद. लिंबाचा रस आणि टाकणखार लावून लाल केलेली हळद. वस्तू बदलली, नाव तेच राहिले. केशर दूरचे आणि महागाचे. हळदीचे बेणे परसात. गंमत अशी की हळदही बहुधा त्रिगुणितच असते, तिलाही सहसा बी धरत नाही, तीही गड्ड्यांनीच हातोहात चालत आली आहे. सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्युएनत्संग काश्मीरच्या उत्पन्नात एका सुगंधी पदार्थाचे नाव देतो. इंग्रजी भाषांतरांत त्याचा अर्थ कुठे हळद, तर कुठे केशर असा केलेला आढळतो. घोळ फक्त मराठीतच झाला असे नाही!

केशराच्या जागी दुसरे काही खपवणेही फार जुने. युरोपात १४४४ मध्ये न्यूरेंबर्ग शहरात भेसळ करणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्या मालासकट जाळण्यात आले. आपल्याकडे करडईच्या वाळलेल्या पाकळ्या केशर म्हणून गळ्यात मारतात. कोमट पाण्यात टाकून पाहावे. खऱ्या केशराचा पिवळा रंग हळूहळू सुटतो, धागा बराच वेळ लाल राहतो आणि फुगल्यावर त्याचे एक टोक सनईच्या तोंडासारखे रुंद दिसते.

बेण्याकडे परत येऊ. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला होता आणि पांपोरची केशराची शेते त्याने बहरात पाहिली. वासाने आपल्या सगळ्या नोकरांची डोकी दुखू लागली, आपलेही दुखले, असे तो आत्मचरित्रात लिहितो. मग त्याने फुले खुडणाऱ्यांना विचारले, तुमचे डोके दुखत नाही का? त्यांना आयुष्यात कधी डोकेदुखी ठाऊक नव्हती. फुलांतून केशर वेगळे करणाऱ्यांना मजुरी मिठाच्या रूपात मिळे, हेही तो सांगतो. काश्मीरात मीठ बाहेरून येई. केशर काढणाऱ्या माणसाला मिठासाठी ते काम करावे लागत होते, हे वाचून आम्ही जरा थांबलो.

या माणसांची खरी परीक्षा पुढे झाली. १८७७ च्या शरदात काश्मीर खोऱ्यात भात कापणीला आला आणि पाऊस लागला. तो लवकर थांबलाच नाही. सरकारी हिस्सा ठरल्याशिवाय पीक घरी न्यायची मुभा नव्हती. भात शेतातच कुजला. १८७९ पर्यंत दुष्काळ चालला आणि त्यात असंख्य माणसे मेली. पुढे १८८९ पासून जमाबंदीचे काम करणाऱ्या वॉल्टर लॉरेन्स या अधिकाऱ्याने १८९५ मध्ये ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ हे पुस्तक लिहिले. या संकटाचा दोष त्याने पावसाइतकाच राज्यकारभारालाही दिला आहे. केशराबद्दल तो सांगतो की, पूर्वी हे संस्थानच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, पण दुष्काळाच्या वर्षांत लोकांनी कंद खाऊन टाकले. नंतर किश्तवाडहून बेणे आणवले, रोपवाटिकेसाठी दरवर्षी जमीन राखली, पण वाढ फार संथ होती.

या नोंदीत ‘लोकांनी कंद खाल्ले’ एवढेच शब्द आहेत. त्यामागचा हिशेब मांडून पाहू. कंदात पिठूळ गर असतो, म्हणजे पोटात जाईल असे काहीतरी असते. पण तो दहा-बारा ग्रॅमचा. मूठभर पोट भरायला वाफाच उकरावा लागतो. धान्य पेरणारा शेतकरीसुद्धा दुष्काळात पेरणीचे दाणे खातो, पण दुसरीकडून दाणे आणले की पुढच्या हंगामात शेत पुन्हा उभे राहते. गव्हाच्या एका दाण्याचे शंभर होतात. केशराच्या एका कंदाचे वर्षाला दोन-चार होतात, आणि त्यांतले बहुतेक फूल न देणारे बारके. दहा-पंधरा वर्षे जागेवर वाढत ठेवलेले वाफे एका हिवाळ्यात संपले असतील, तर ते परत भरायला किती वर्षे लागणार? ज्यांनी कंद उकरले त्यांना हे सगळ्यांपेक्षा जास्त कळत होते; पिढ्यानपिढ्या त्यांनीच ते लावले होते. तरी खाल्ले, कारण घरात पोरे होती. किश्तवाडच्या डोंगरात तेच बेणे दुसऱ्या हातांनी राखले होते म्हणून काम पुन्हा सुरू तरी झाले.

इंग्लंडमध्ये मात्र दुष्काळ वगैरे न पडता केशर गेले. सॅफ्रन वॉल्डनच्या शेजारच्या रॅडविंटरचे धर्मगुरू विल्यम हॅरिसन यांनी १५७७ मध्ये आणि नंतर वाढवून १५८७ मध्ये त्या लागवडीचे बारकाईने वर्णन केले आहे : जुलैत कंद खणायचे, निवडून पुन्हा ओळीने लावायचे, सप्टेंबरअखेर फुले सूर्योदयापूर्वी खुडायची. या शेतकऱ्यांना तिथे ‘क्रोकर’ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लागवड संपली. परदेशी केशर स्वस्त मिळू लागले, मजुरी परवडेना. कुणी कंद खाल्ले नाहीत, फक्त एके वर्षी खणून पुन्हा लावले नाहीत. बी असते तर कुंपणाकडेला चार रोपे आपोआप उगवत राहिली असती. आता गावाच्या चर्चमध्ये दगडात कोरलेली केशराची फुले आहेत. गावाच्या मानचिन्हातही तटबंदीच्या आत तीन केशरफुले आहेत; ‘वॉल्ड-इन’ म्हणजे भिंतीआडचे, अशी ही नावावरची कोटी. गेल्या दोन दशकांत एसेक्समध्ये पुन्हा थोडी लागवड होऊ लागली आहे, तीही अर्थात कंद आणूनच.

काश्मीरमध्येही गेल्या शतकाच्या अखेरीपासून केशराखालची जमीन घटली. २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय केशर अभियान सुरू केले, २०२० मध्ये काश्मीरच्या केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. कंद कुजवणारी बुरशी हे तिथले मोठे दुखणे. सगळे कंद जवळजवळ एकाच वाणाचे, म्हणजे एकाला होणारा रोग सगळ्यांना होऊ शकतो. बियांतून येणाऱ्या पिकात थोडी रोपे वेगळी निघतात आणि तग धरतात. इथे तसे घडत नाही.

आता आमच्या कुंड्या. पहिल्या वर्षी आलेली फुले पाहून आमच्या हाताला गुण आहे असे आम्हाला वाटले होते. पण त्यात आमचे काही नव्हते. केशराच्या फुलाचा अंकुर उन्हाळ्यात, कंद निद्रिस्त असताना, २३ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात आतल्या आत तयार होतो. मग हवा १५ ते १७ अंशांपर्यंत उतरली की तो बाहेर पडतो. आमचे कंद सप्टेंबरात आले तेव्हा फुले आत तयारच होती. आम्ही फक्त शिदोरी उघडली. खरी कसोटी नंतरची. गवतासारखी, मधे पांढरी रेघ असलेली पाने फेब्रुवारीअखेर पुण्याच्या उन्हाने पिवळी पडली. काश्मीरात त्यांना एप्रिल-मेपर्यंत सवड मिळते. चैत्रात कुंड्या उपसल्या तर सात कंदांचे सोळा झाले होते, पण बहुतेक वाटाण्या-सुपारीएवढे. साधारण आठ ग्रॅमहून हलका कंद सहसा फूल देत नाही. दुसऱ्या वर्षी नुसती पाने आली.

अलीकडे पुण्यात आणि इतर शहरांत काही जण बंद खोलीत तापमान राखून, कंद नुसते ट्रेमध्ये ठेवून, मातीशिवाय फुले घेतात. ते जमते, कारण फुलाला लागणारे अन्न कंदातच असते. पण फुलानंतर कंद मातीत लावून थंड हवेत वाढवले नाहीत, तर पुढच्या वर्षी नवे बेणे काश्मीरहूनच आणावे लागते. घरी कुंडीत लावणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. फूल एकदा पाहण्यासाठी लावायचे असेल तर जरूर लावावे. सप्टेंबरात दहा ग्रॅमच्या वरचे कंद घ्यावेत, पाणी बेताचे द्यावे, पाने हिरवी आहेत तोवर भरपूर ऊन आणि गार हवा मिळेल अशा जागी कुंडी ठेवावी आणि पाने वाळल्यावर पाणी बंद करावे.

बाईंना आम्ही हे सगळे कळवले. त्यांनी तयार वाफ्यात पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला हळद लावली; पाटी मात्र मुलांनी बदलू दिली नाही, ‘केशर’च्या खाली ‘कुंकुम’ एवढे लिहून वाढवले. आमच्या सोळा कंदांपैकी आठ आता त्या शाळेत आहेत. मुले दर चैत्रात ते उपसतात, प्रयोगशाळेतल्या तराजूवर एकेक तोलतात आणि वहीत मांडतात. गेल्या खेपेला सगळ्यांत मोठा साडेसहा ग्रॅम भरला.